‘रत्नागिरीला पाठवा’ म्हणण्याआधी

(मालवणमध्ये तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘मानसिक आरोग्य’ असा विषय दिला होता. मी त्यांना म्हटलं, यातला एकच कोपरा घेऊ द्या. टेन्शन, परीक्षेची धास्ती, मोबाइल, एकटेपणा यांवर हल्ली बरंच बोललं जातं, आणि ते बोललंच पाहिजे. ‘मी डिप्रेशनमध्ये होतो’ असं इन्स्टाग्रामवर लिहिणारी आपल्यातली मुलं मी पाहिलीत, त्यांचं मला कौतुक आहे. पण ‘मला स्किझोफ्रेनिया आहे’ असं लिहिणारं मालवणातलं एकही मूल मी अजून पाहिलेलं नाही. ज्याला कोणी नसताना आवाज ऐकू येतात, जो आठ-आठ रात्री झोपत नाही आणि स्वतःला मोठा पीर समजायला लागतो, जी बाई आंघोळ-जेवण सोडून भिंतीकडे तोंड करून बसते, त्यांच्याबद्दल आपण बोलत नाही. बोललो तर हसतो. आज फक्त त्यांच्याबद्दल बोलू.

मी डॉक्टर नाही. मालवणात गेली बावीस वर्षं माझं औषधाचं दुकान आहे. आणि माझ्या सख्ख्या मामूंना स्किझोफ्रेनिया आहे, मी सहावीत होतो तेव्हापासून. इथे येण्याआधी मी त्यांची परवानगी घेतली. ते म्हणाले, “सांग, पण नाव घेव नको. आणि मी रापणीक जातंय ता पण सांग.” ते मी सांगणारच आहे. दुकानातल्या गिऱ्हाइकांचं मात्र नाव, गाव, वाडी काही सांगणार नाही.

आधी एका बोलण्याबद्दल. आपल्याकडे कोणी जरा वेगळं वागलं की लोक म्हणतात, “तेका रत्नागिरीक धाडा.” मुंबईवाले ठाण्याचं नाव घेतात, पुणेवाले येरवड्याचं. कोकणाच्या वाट्याला रत्नागिरी. चांगल्या शहराचं नाव शिवीसारखं वापरतो आपण. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं. त्याच वर्षी इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं होतं. नजरेआड करायच्या माणसांसाठी सरकारला हे गाव सोयीचं वाटत असावं. मागे घाट, पुढे समुद्र, रेल्वेचा पत्ता नाही. हा माझा आपला तर्क, इतिहासवाल्यांनी हवा तर खोडावा. पण ‘एकदा तिकडे गेला तो गेला’ ही समजूत तेव्हापासूनची आहे, आणि ती अजून उतरलेली नाही. कायद्याचीही भाषा बरीच वर्षं तशीच होती. १९१२ च्या कायद्याचं नाव ‘इंडियन लुनसी ॲक्ट’. लुनसी म्हणजे चंद्राच्या कलेनुसार येणारं वेड! १९८७ मध्ये नवा कायदा झाला, तो १९९३ मध्ये लागू झाला, म्हणजे तोवर आपल्या देशातला आजारी माणूस कायद्याने ‘लुनॅटिक’ होता.

आज रत्नागिरीला जाऊन ओपीडीत दाखवून, औषधं घेऊन त्याच दिवशी परतणारी माणसं मला दर महिन्याला भेटतात. कोणी बांबोळीला गोवा सरकारच्या मानसोपचार संस्थेत जातं. जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, सरकारी रुग्णालय आहे, आता मेडिकल कॉलेजही आहे. उपचार जवळ आलेत. शब्द मात्र १८८६ मध्येच राहिलाय.

आता दुकानात काय दिसतं ते सांगतो, कारण समाजाची लाज औषधाच्या काउंटरवर जितकी स्पष्ट दिसते तितकी मशिदीतही दिसत नाही आणि चावडीवरही नाही.

मधुमेहाची गोळी माणूस मोठ्याने मागतो. “ती नेहमीची शुगरची दे रे.” रक्तदाबाचीही तशीच. ओलान्झापिन किंवा रिस्पेरिडोन घ्यायला येणारा दुकान रिकामं होईपर्यंत बाहेर उभा राहतो. चिठ्ठी चार घड्या घालून पुढे करतो. काही जण मालवणात घेतच नाहीत, कुडाळला किंवा कणकवलीला जातात, आणि तिकडचे लोक मालवणला येतात. म्हणजे एसटीत दोन्हीकडून माणसं लपायला निघालेली. एक बाई गोळ्या पाकिटातून काढून साध्या डबीत भरून मागायच्या, घरात सुनेला पाकीट दिसू नये म्हणून. मी त्यांना म्हटलं, पाकिटावर तारीख असते, ते फेकू नका. त्या म्हणाल्या, “भाईजान, तारखेपेक्षा घर महत्त्वाचं.”

यात नुकसान फक्त भावनेचं नाही. लपवून औषध घेणारा माणूस पाहुणे आले की गोळी चुकवतो. लग्नाघरी गेला की चुकवतो. दोन महिने बरं वाटलं की, ‘आता कशाला, उगाच कोणाला कळेल’ म्हणून बंद करतो. या आजारांत औषध अचानक बंद केलं की आजार उलटायची शक्यता फार असते, आणि प्रत्येक वेळी उलटला की सावरायला आधीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. औषधांचे त्रासही खरे आहेत. वजन वाढतं, हात कापतात, सुस्ती येते, काहींना एका जागी बसवत नाही. हे त्रास डॉक्टरला सांगितले तर गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते, काहींना महिन्याचं एक इंजेक्शन चालतं. पण जो आजारच लपवतोय तो औषधाचा त्रास कोणाला सांगणार? तो गोळी समुद्रात टाकतो. आमच्या मामूंनी खरंच टाकल्या होत्या, दांडीच्या किनाऱ्यावर.

हा आजार किती जणांना असतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार स्किझोफ्रेनिया जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला असतो. आपल्या मालवण तालुक्याची वस्ती लाखाच्या थोडी वर. हिशोब तुम्हीच करा, तीनशेच्या वर माणसं होतात. तुम्हाला किती माहीत आहेत? तीन? चार? बाकीची घरात आहेत, माडीवर आहेत, मागच्या खोलीत आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशात मोठी पाहणी केली. तिच्यात १२ राज्यं होती, त्यात आपला महाराष्ट्र नव्हता. पण त्या पाहणीत दिसलं की तीव्र मानसिक आजार असलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक उपचाराबाहेर आहेत. आणि हा आजार सुरू होतो तो बहुतेक वेळा पंधरा-सोळा ते तीस या वयात. म्हणजे या हॉलमध्ये बसलेल्या तुमच्या वयात. तुमच्या आजोबांना नाही होणार आता, तुमच्या बाकावरच्या मित्राला होईल.

मामूंचं तेव्हा वय होतं बावीस. ट्रॉलरवर खलाशी होते. आधी झोप गेली. मग ते म्हणायला लागले की तांडेल आणि दुसरे खलाशी आपल्याबद्दल कुजबुजतात. मग इंजिनाच्या आवाजात त्यांना नाव घेऊन शिव्या ऐकू यायला लागल्या. नानीने काय करावं? तिने तेच केलं जे तिच्या आईने केलं असतं. नजर उतरवली. आमिल आला, त्याने ‘असर’ सांगितला. तावीज, पाणी, धूप. शेजारच्या हिंदू काकूंनी त्यांच्या परीने गाऱ्हाणं घालून पाहिलं, तेही प्रेमानेच. मग कोणीतरी दूरच्या एका ठिकाणाचं नाव सांगितलं. मी नाव घेत नाही. तिथे मामूंना अकरा दिवस पायात साखळी घालून ठेवलं होतं. डाव्या घोट्यावर त्याचा वण अजून आहे.

नानीला मी दोष देत नाही. तिच्यासमोर दुसरा रस्ता कोणी ठेवलाच नव्हता. ज्या डॉक्टरकडे नेलं तो ताकदीचं इंजेक्शन देऊन मोकळा झाला होता.

आता साखळीवर थोडं थांबतो. ६ ऑगस्ट २००१. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी म्हणून गाव आहे, तिथे मोठा दर्गा आहे. दर्ग्याच्या आसपास लोकांनी खासगी ‘होम’ काढली होती. मनोरुग्ण आणून ठेवायचे, नातेवाइकांकडून पैसे घ्यायचे आणि रात्री साखळदंडाने बांधायचे. त्यातल्या एका झोपडीवजा होमला पहाटे आग लागली. बांधलेल्या माणसांना पळता आलं नाही. २८ जण गेले. तेव्हा बऱ्याच ठिकाणी ही ‘दर्ग्यातली आग’ म्हणून सांगितली गेली. होम दर्ग्याचं नव्हतं, धंदेवाइकाचं होतं. पण आपल्यालाही स्वतःला विचारावं लागेल की तो धंदा दर्ग्याच्या सावलीत इतकी वर्षं चालला कसा? साखळ्या तर रोज सगळ्यांना दिसत होत्या. आणि ते तिथेच संपलं नाही. जानेवारी २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बदायूंमधल्या अशाच श्रद्धास्थानातल्या साखळ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला बोलावं लागलं.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २०१८ मध्ये लागू झाला, त्यात कलम ९५ आहे. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधता येणार नाही. दवाखाना असो, आश्रम असो, दर्गा असो. महाराष्ट्रात त्याच्याही आधी, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, चटके देणं हा गुन्हा आहे. हा कायदा मांत्रिकाला लागू तसा आमिललाही लागू. काही जणांना वाटतं की हा आपल्या विरुद्धचा कायदा आहे. ज्याच्या पायात साखळी आहे तो ‘आपला’ नाही का?

पण मी दर्ग्याच्या विरोधात बोलायला आलेलो नाही, आणि हा मुद्दा मला नीट मांडायचा आहे, कारण आपल्या सुशिक्षित मुलांत आता उलट टोक दिसतं. आजारी माणसाला दर्ग्यावर नेलं की ते आईवर खेकसतात, ‘अडाणी’ म्हणतात. पुण्यात बापू ट्रस्ट सुरू करणाऱ्या भार्गवी दावर स्वतःच्या आईचा आजार बघत वाढल्या. महाराष्ट्रातल्या दर्ग्यांचा, देवळांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. घरात छळ होणाऱ्या, कोणी न ऐकणाऱ्या बाईला अशा ठिकाणी मोकळेपणी रडता येतं, ओरडता येतं, आणि कोणी तिला वेडी म्हणत नाही. हे खरंच आहे. आमच्या नानीलाही दर गुरुवारी तिथे बसून बरं वाटायचं. आजारी मुलाच्या आईलाही काही हवं असतंच ना?

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातारचा दर्गा आहे. तिथे २००७-०८ च्या सुमारास एक वेगळी गोष्ट झाली. ‘अल्ट्रुइस्ट’ ही संस्था आणि सरकारी मनोरुग्णालयाचे डॉक्टर यांनी दर्ग्याच्या मुजावरांशी भांडण न काढता त्यांना प्रशिक्षण दिलं. कोणती लक्षणं दिसली तर माणसाला डॉक्टरकडे पाठवायचं, फिट म्हणजे काय, आवाज ऐकू येणं म्हणजे काय. दर्ग्याच्या आवारातच तपासणी सुरू झाली. लोक मुजावराचं ऐकतात, मुजावर म्हणतो, दुआ मी करतो, दवा तिकडे घे. या कामाचं नावच ‘दवा-दुआ’. आपल्या सिंधुदुर्गात, रत्नागिरीत हे का होऊ नये? इथल्या दर्ग्यांना हिंदूही येतात, मुसलमानही. एका ठिकाणी जमलं तर दोन्हीकडच्या घरांना उपयोग आहे.

आपल्या परंपरेबद्दल दोन गोष्टी सांगतो, मौलाना इथे बसलेत, चुकलं तर दुरुस्त करतील. ‘मजनून’ हा शब्द जिन्नवरून आलाय, म्हणजे जिन्नने पछाडलेला. मक्केतल्या विरोधकांनी पैगंबरसाहेबांना हाच शब्द लावला होता, आणि कुरआनात त्याचं स्पष्ट खंडन आहे. म्हणजे माणसाचं म्हणणं ऐकायचं नसेल तर त्याला वेडा ठरवून टाकायचं, ही युक्ती किती जुनी आहे बघा. आणि ती कोणाविरुद्ध वापरली गेली होती, हे आपण तो शब्द दुसऱ्यावर फेकताना विसरतो. दुसरं, ज्याची समज आजाराने हरवली आहे त्याच्यावर नमाज-रोजाची जबाबदारी नाही, हे सगळे फिकहवाले मान्य करतात. तो गुन्हेगार नाही, त्याला सूट आहे. मग ‘ईमान कमजोर आहे म्हणून असं होतं’ हे कुठून आलं? डॉक्टर सोडा, फिकहमध्येही मला ते सापडत नाही.

अबू झैद अल-बल्खी नववं-दहावं शतक पाहिलेले विद्वान. त्यांनी शरीराचं आणि मनाचं आरोग्य एकाच ग्रंथात एकत्र मांडलं. कैरोत सुलतान कलाऊनने १२८४ मध्ये मोठं बीमारिस्तान बांधलं, त्यात मनाच्या रुग्णांची सोय होती आणि खर्च वक्फमधून चालायचा. अलेप्पोचं १३५४ चं अरगून बीमारिस्तान तर पाण्याचे हौद, मोकळे चौक असं बांधलेलं. हे मी ‘आम्ही किती महान होतो’ म्हणून सांगत नाही, तसल्या भाषणांचा मला कंटाळा आहे. वक्फच्या जमिनींवरून इतकी भांडणं होतात, त्यातल्या एका जमिनीवर मनोरुग्णांसाठी चार खोल्या बांधा असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय, एवढंच.

आता लग्न. हे बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

घरात कोणाला हा आजार आहे हे कळलं तर बहिणीचं लग्न मोडेल, ही भीती खोटी नाही. मोडतात लग्नं. आमच्या घरातही एक स्थळ आलं आणि मामूंचं कळल्यावर गेलं. म्हणून लोक लपवतात. पण त्याहून वाईट प्रकार असा की आजारी मुलाचंच लग्न लावून देतात. ‘जबाबदारी पडली की सुधारेल.’ मग एखाद्या गरीब घरातली, दूरच्या गावची मुलगी शोधतात, तिला काही सांगत नाहीत आणि लग्नाच्या दिवसांत जागरणाने, गोळ्या चुकल्याने आजार उलटतो. ती मुलगी माहेरीही जाऊ शकत नाही. दुकानात गोळ्यांची चिठ्ठी घेऊन ती येते तेव्हा विचारते, “ही कसली गोळी आहे, भाई?” अशा दोन मुली मला माहीत आहेत.

१९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात नवरा दोन वर्षं वेडसर असेल तर बायकोला फारकत मागता येते. त्याच कलमात पूर्वी महारोगही होता. औषधाने महारोग बरा होतो हे सगळ्यांना पटल्यावर २०१९ मध्ये संसदेने तो शब्द पाच विवाहविषयक कायद्यांतून काढून टाकला, त्यात हा कायदाही होता. महारोग्याला गावाबाहेर ठेवायचे ते दिवस आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेत. मानसिक आजाराचा शब्द अजून कलमात आहे आणि मी म्हणत नाही की तो लगेच काढा. फसवलेल्या मुलीला बाहेर पडायचा दरवाजा हवाच. मी म्हणतो, निकाह हा करार आहे, तर करारात खरं सांगा. आजार सांगून, औषध चालू ठेवून, दोघांनी समजून केलेली लग्नंही मी पाहिलीत आणि ती चांगली चाललीत. ती थोडी आहेत, हे कबूल.

रमजानबद्दल थोडं, कारण दुकानात दरवर्षी तोच घोळ होतो. लिथियमची गोळी घेणाऱ्या माणसाच्या शरीरात पाणी कमी पडलं तर रक्तातलं लिथियम वाढू शकतं. हात जास्त थरथरणं, उलट्या, तोल जाणं असं झालं तर थांबायचं नाही, ताबडतोब डॉक्टर गाठायचा. बायपोलर असलेल्याला झोप मोडणं फार वाईट, आणि रमजानात सहेरी-तरावीहमध्ये झोपेचे तुकडेच होतात. म्हणून चांद दिसायच्या महिनाभर आधी डॉक्टरला विचारा: रोजा ठेवता येईल का, गोळीची वेळ इफ्तारनंतर किंवा सहेरीला हलवता येईल का. अनेकांना येते. ज्यांना डॉक्टर नाही म्हणतात त्यांना आजारपणाची सूट आहेच. पण घरात ‘सगळे रोजे ठेवतात, तू का नाही’ असं विचारणारे असले की तो गपचूप रोजाही ठेवतो आणि गोळीही सोडतो. ईदच्या आठवड्यात मग रत्नागिरीची गाडी ठरवायची वेळ येते. मी आमच्या मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना विनंती केली होती, त्यांनी गेल्या वर्षी जुम्याच्या बयानात पाच मिनिटं हे सांगितलं. मधुमेह आणि मानसिक आजार एकाच वाक्यात घेतले. त्यानंतर दुकानात तीन घरं विचारायला आली. तीनच, पण आली.

मामूंचं सांगतो म्हटलं होतं. साखळीच्या ठिकाणाहून आणल्यावर वर्षभराने माझे अब्बा त्यांना रत्नागिरीला घेऊन गेले. तीन महिने ते तिथे होते. परत आले तेव्हा आवाज होते, पण लांब गेले होते. मामू म्हणतात, “शेजारच्या घरात रेडियो लागल्यासारखे.” अजूनही कधीकधी तो रेडियो लागतो. ट्रॉलरवर परत कोणी घेतलं नाही. मग रापणवाल्यांनी घेतलं. तुम्हाला माहीत आहे, होडीतून जाळं समुद्रात गोल टाकून आणतात आणि मग दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावरून चाळीस-पन्नास माणसं मिळून ओढतात. दोराला हात लावला त्याला मासळीचा वाटा. मामूंना गर्दीत बोलायला नको असतं, दोर ओढायला बोलावं लागत नाही. ओळीत उभं राहायचं, सगळ्यांच्या तालावर मागे सरकायचं. ती माणसं बहुतेक गाबीत समाजाची. त्यांनी मामूंना कधी काही विचारलं नाही. गोळीमुळे सकाळी उठायला उशीर झाला तर दुसऱ्या ओढीला घ्यायचे. पंचवीस-तीस वर्षं त्यांनी स्वतःचा वाटा घरी आणला. आता वय झालं, तरी किनाऱ्यावर जाऊन दोराला हात लावून येतात.

हे मी कौतुकाची गोष्ट म्हणून सांगत नाही. याच्यावर शास्त्रशुद्ध काम झालंय. तमिळनाडू, गोवा आणि आपला सातारा अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. काहींना फक्त दवाखान्याची सेवा मिळाली, काहींना त्याबरोबर गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते घरी भेटायचे: औषधं, काम, घरच्यांशी बोलणं, लोकांत मिसळणं. ज्यांना दोन्ही मिळालं त्यांच्यात सुधारणा जास्त दिसली. चमत्कार नाही, थोडी जास्त. पण ते कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, तुमच्यासारखीच माणसं होती.

तुमच्या हातात काय आहे ते पटकन सांगतो. जेटीवर, बाजारात कोणी स्वतःशी बोलत उभा असेल तर त्याचा व्हिडिओ काढू नका. गेल्या मोसमात पर्यटकांनी नाही, आपल्याच मुलांनी एकाचा रील केला होता, गाणं लावून. त्याची बहीण माझ्या दुकानात येऊन रडली. असा माणसू बेवारस फिरताना दिसला तर पोलिसांना कळवा. कायद्याच्या कलम १०० नुसार त्याला संरक्षण देणं हे पोलिसांचं काम आहे. कुडाळ तालुक्यात पणदूरला जीवन आनंद संस्थेचा संविता आश्रम आहे, अशा निराधार माणसांसाठी काम करतो. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवते, त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मित्र बदललाय असं वाटलं, झोपत नाही, संशय घेतो, कॉलेजला यायचं बंद केलं, तर ‘गांजा घेतोस का’ यापासून सुरुवात करू नका. गांजाने हा आजार भडकू शकतो हे खरं, पण तो पहिला प्रश्न नव्हे. झोप लागते का, ते विचारा. त्याला आवाज येत असतील तर ‘असं काही नसतं’ म्हणून वाद घालू नका, ‘आवाज येतात असं बोल’ म्हणून नादही देऊ नका. तुला भीती वाटत असेल, चल आपण कोणाला तरी विचारू, एवढं म्हणा आणि ओपीडीच्या बाकावर त्याच्या शेजारी बसा. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर १४४१६, टेली-मानस, सरकारी फोन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. जीव द्यायची भाषा करत असेल तर एकटं सोडू नका.

आणि ‘ही माणसं मारतात’ ही भीती. क्वचित होतं, उपचाराविना राहिलेल्यात, नशा असली तर जास्त. पण मार खाणारे तेच जास्त असतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात. आणि जातात ती बहुतेक हृदयविकार, मधुमेह, छातीचे आजार अशा साध्या आजारांनी. छातीत दुखतं म्हटलं तर ‘याचं डोकंच तसलं’ म्हणून कोणी तपासत नाही. आमच्या मामूंचा मधुमेह दोन वर्षं असाच राहून गेला होता.

शेवटचं, एक कामाची गोष्ट. २०१७ च्या कायद्यात कलम १४ आहे. बरा असताना माणूस स्वतः लिहून ठेवू शकतो की मी आजारी पडलो, मला ठरवता आलं नाही, तर माझ्या वतीने कोणी बोलायचं. त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. साधा कागद चालतो, सही नाहीतर अंगठा, आणि ज्याचं नाव लिहिलंय त्याची लेखी संमती. स्टॅम्प पेपर नको, वकील नको. हे फक्त आजारी माणसासाठी नाही, इथला कोणीही सज्ञान माणूस लिहू शकतो.

मामूंचा कागद आम्ही मागच्या महिन्यात केला. मला वाटलं होतं माझं नाव लिहितील. त्यांनी माझ्या बायकोचं लिहिलं. कारण विचारलं तर म्हणाले, “तू सगळो येळ दुकानात. ती घराकडे आसता, आणि माझा ऐकता.” कोरे कागद मी आणलेत, मागच्या टेबलावर आहेत, पेनही आहेत. आता प्रश्न विचारा. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नाही त्यांच्यासाठी मी नऊपर्यंत इथेच बसलोय.